व्हाइटनरखालचे वाक्य

दहावीच्या वह्या तपासताना एक पान हाताला जाड लागले. घरातल्या ज्येष्ठांकडून पानशेतच्या पुराच्या आठवणी लिहून आणण्याचा उपक्रम मी वर्गाला दिला होता. शनिवार पेठेत वाढलेल्या आपल्या आजीच्या तोंडी एका मुलाने घातलेले वाक्य असे होते: "12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटल्यामुळे पुणे शहराची अपरिमित हानी झाली." कोणतीही आजी नातवाशी असे बोलत नाही. पान खिडकीशी धरल्यावर व्हाइटनरखालचे मूळ वाक्य दिसले: "रात्री पाणी आलं."

"बाई, आजीचं चुकलंय," तो म्हणाला, "धरण सकाळी फुटलं." त्याचे खरेच होते. पानशेत सकाळी फुटले, त्याच दिवशी खडकवासल्याचे धरणही फुटले आणि नदीकाठच्या पेठांत पाणी दिवसाउजेडी शिरले. पण दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकाचा पहिलाच पाठ इतिहासलेखनावर आहे. मूळ कागदपत्रांवर भर देणारा जर्मन इतिहासकार रांके याच मुलाला तोंडपाठ आहे, कारण 40 गुणांच्या प्रश्नपत्रिकेत 'चुकीची जोडी ओळखा' या प्रश्नात तो येऊ शकतो आणि गाइडात त्याचे उत्तर तयार असते. घरातले मूळ साधन मात्र त्याने पांढरे करून टाकले होते. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी वेळ दुरुस्त करून गुण देऊन मोकळे होण्याचा सल्ला दिला. अंतर्गत मूल्यमापनाकडे आमच्याकडे असेच पाहिले जाते.

"पूर कधी आला?" असे विचारले की माणूस पुष्कळदा पुढे ऐकलेले, वाचलेलेच सांगतो किंवा मनात रुतलेली एकच गोष्ट सांगून थांबतो. म्हणून मी त्याला निराळे प्रश्न लिहून दिले: सकाळी घरात कोण होते, स्वयंपाक झाला होता का, बाहेर कोणी नेले, परतताना उजेड कशाचा होता. तेव्हा कळले की सात वर्षांच्या आजीला पाणी येण्याआधीच सदाशिव पेठेत मावशीकडे पोहोचवले होते. पाणी चढताना तिने पाहिलेच नव्हते. रात्री वडिलांबरोबर परतताना कंदिलाच्या उजेडात तिला गुडघाभर चिखल आणि ओट्यावर वाहून आलेले कोणाचे तरी पिंप दिसले. तिच्या लेखी पूर आला तो तेव्हा.

सकाळ आणि रात्र अशा दोन्ही वेळा वहीत ठेवून त्यांच्यात फरक का पडला ते खाली लिही, असे मी सांगितले आणि ते वर्गात वाचायला लावले. एरवी बाकावर कोपर टेकून बसणाऱ्या एका मुलीने लगेच विचारले, "कंदील आजीने आपणहून सांगितला, की तू विचारलास?" त्याने माझा प्रश्न बदलून "कंदील होता का?" असेच विचारले होते. वर्षभर मी साधनांच्या चिकित्सेवर जे बोलत आले, ते त्या मुलीने एका वाक्यात करून दाखवले आणि आजीचा कंदील तेव्हापासून माझ्याही डोक्यात अडकला आहे.

आजीची थोरली बहीण कोथरूडला असते. कंदिलाचे नाव न काढता तिला तेच प्रश्न विचारायचे त्याने ठरवले आहे. गुण भरण्याची मुदत मात्र शुक्रवारी संपली.