रबर न लावता दिवसभर टिकणारा अंबाडा

लांब केस असले की लोक दोनच गोष्टी विचारतात, तेल कुठलं लावतेस आणि मोकळे का नाही सोडत. तेलाचं जाऊ दे. पण मोकळे का नाही सोडत असं विचारणाऱ्यांनी एकदा कंबरेपर्यंतचे केस सोडून स्कूटीवर आमच्या नाशकात द्वारका ते मुंबई नाका जाऊन दाखवावं, वाटेत पुढच्या ट्रकचा धूर फ्री, आणि मग घरी बसून गुंता काढावा. त्यामुळे मी रोज अंबाडा घालते, ऑफिसला पण, घरी पण, लग्नाला पण, आणि माझं डोकं दुखत नाही. हे शेवटचं वाक्य लोकांना खोटं वाटतं म्हणून ही पोस्ट.

बहुतेक जणी कसा बांधतात बघा ना. आधी पोनी, रबराचे तीन वेढे घट्ट, मग ती शेपूट गुंडाळायची, वर दुसरा रबर, आणि तरी हलतंय असं वाटतं म्हणून काळ्या पिनांची रांग. संध्याकाळी सोडलं की मुळं अशी ठणकतात की केस उलट्या दिशेला नुसते फिरवले तरी आई गं होतं. यात गोची अशी आहे की अख्ख्या केसांचं वजन त्या एका रबराच्या गोलावर येतं, आणि ते ओढ घेतं कुठून, तर कपाळाकडच्या आणि कानशिलाकडच्या केसांकडून, म्हणजे जिथे केस आधीच बारीक आणि नाजूक असतात तिथून. अंबाडा मागे असतो पण दुखतं पुढे, ते यामुळे.

आणि हे फक्त दुखण्यापुरतं नाहीये. वर्षानुवर्षं त्याच जागी ओढ बसली की कानशिलाजवळ केस विरळ व्हायला लागतात, डॉक्टर त्याला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात. लवकर लक्षात आलं आणि ओढणं थांबवलं तर केस परत येतात, पण फार वर्षं तसंच चालू राहिलं तर मुळाच्या जागी व्रण होऊन ते कायमचे जातात. मुळाशी लालसर झालंय, बारीक पुटकुळ्या आल्यात, भांगाच्या कडेला तुटके छोटे केस उभे राहतायत, असं दिसलं तर तेल बदलत बसू नका, आधी बांधणं बदला आणि तरी फरक पडला नाही तर सरळ स्किनच्या डॉक्टरकडे जा. रोज 50 ते 100 केस गळणं नॉर्मल आहे, त्याचं टेन्शन नको, एकाच जागी विरळ होतायत का ते बघायचं.

मला ही अक्कल पार्लरमध्ये नाही, माहेरी द्राक्षाच्या बागेत मिळाली. आमच्याकडे निफाड साइडला डिपिंगच्या (घड औषधाच्या पाण्यात बुडवण्याच्या) आणि विरळणीच्या दिवसांत बायका सकाळपासून हात वर करून घडांमध्ये काम करतात, मान वर, वर मांडवाच्या तारा, डोक्याला रुमाल, आणि रुमालाच्या आत एक बुचडा. ना रबर, ना पिन. केस मागे घेतात, हलका पीळ देतात, स्वतःभोवती गुंडाळतात आणि टोक खालच्या वेढ्यातून ओढून आत खोचतात, झालं. दिवसभर सुटत नाही, सुटला तर दोन सेकंदात परत. एका मावशींना विचारलं की एवढा सैल, पडत नाही का, तर म्हणाल्या, "ताई, वढून बांधलं का दुपारच्याला डोकं उठतं, मग काम कसं व्हायचं?" त्यांच्या बुचड्यात रुमालाचाही हातभार आहे हे मान्य, पण मुद्दा तोच, तो टिकतो तो वेढ्यात वेढा अडकल्यामुळे, आवळल्यामुळे नाही.

तर मूळ गणित असं आहे. अंबाड्याला डोक्याशी जोडायचं काम पिनेने किंवा काडीने (अंबाड्यात खोचायची हेअर स्टिक) करायचं आणि ते जोडणं अंबाड्याच्या खालच्या केसांशी करायचं, म्हणजे वजन मागच्या मोठ्या भागावर वाटलं जातं आणि पुढचे केस निवांत राहतात. काडी नुसती आरपार भोसकली तर ती संध्याकाळपर्यंत घसरणारच, मग लोक म्हणतात माझे केस फार सिल्की आहेत गं, मला काडी बसतच नाही. बसते. अंबाड्याच्या कडेला काडी आधी उभी धरायची, बाहेरच्या वेढ्यातले थोडेसे केस टोकावर घ्यायचे, मग टोक खाली झुकवून टाळूला अगदी हलकं घासत तिथले थोडे केस उचलायचे, आणि आता काडी आडवी करून अंबाड्याच्या पोटातून दुसऱ्या बाजूला काढायची, बाहेर पडताना परत कडेचा वेढा घ्यायचा. हे शब्दांत फार मोठं वाटतंय पण हाताला एकदा सवय झाली की डोळे मिटून होतं. काडी आत जाताना थोडी आवळून जायला हवी, सरळ सुळकन गेली तर समजायचं काही अडकलेलंच नाही, काढा आणि परत घाला.

यू पिनचं, म्हणजे आपल्या जुन्या आकड्यांचंही तेच. आकडा वेढ्याच्या कडेला उभा टोचायचा, थोडे वेढ्याचे थोडे खालचे असे केस घ्यायचे, मग तो आडवा पाडून अंबाड्याच्या मध्याकडे ढकलायचा. असे चार आकडे नीट लागले तर डझनभर काळ्या पिनांची गरज नाही. काळ्या पिना मला आवडतच नाहीत खरं तर, त्यांच्या टोकावरचा तो प्लास्टिकचा थेंब निघून गेला की आतलं लोखंड टाळूला ओरखडे काढतं, केसही त्यात अडकून तुटतात. थेंब गेलेली पिन सरळ फेकून द्यायची, देवाच्या डब्यात ठेवायची नाही!

आता कुठला अंबाडा. रोजच्यासाठी माझा ठरलेला आहे तो आठाच्या आकड्याचा. केस मानेच्या वर एका हातात धरायचे (रबर नाही!), सैल पीळ द्यायचा, पहिला वेढा वरच्या बाजूला घ्यायचा, तिथून मध्यावर क्रॉस करून दुसरा खालच्या बाजूला, केस उरले तर परत वर, आणि टोक आत. एक आकडा वर, एक खाली, दोन मध्ये क्रॉस होतो तिथे. हा चपटा बसतो, डोक्यावर गोळा येत नाही, आणि वजन उभ्या रेषेत पसरतं. आणि मुख्य म्हणजे हेल्मेट बसतं. आपल्याकडे 2021 च्या 15 ऑगस्टपासून नो हेल्मेट नो पेट्रोल सुरू झालं तेव्हा माझ्या ओळखीच्या कितीतरी जणी उंच अंबाड्यावरून थेट वेणीवर आल्या, कारण उंच अंबाड्यावर हेल्मेट नुसतं ठेवलेलं असतं, बसलेलं नसतं, ब्रेक मारला की पुढे येतं. ते चालणारच नाही, त्यापेक्षा घातलंच नाही असं म्हणा. आठाचा अंबाडा मात्र मानेच्या खळगीशी घ्या, हेल्मेटच्या खालच्या कडेखाली येतो. काडी मात्र गाडीवर नको, हेल्मेटमध्ये काडी दाबली जाऊन टाळूला टोचते, पडलात तर विचारूच नका. ऑफिसला पोचल्यावर लावा.

घरी किंवा डेस्कवर बसायचं असेल तर साधा गोल, एक पीळ, एक वेढा, एक काडी. यात पीळ फार द्यायचा नाही. लोक दोरी वळल्यासारखा पीळ देतात, मग तो उलटा सुटायला बघतो आणि त्याला धरून ठेवायला अजून पिना लागतात. ज्यांच्या केसांना लेयर कट आहे त्यांच्या बटा बाहेर येणारच, त्यांनी आधी सैल तीनपेडी वेणी घालून मग गुंडाळावी, टोकाला एक छोटी स्क्रंची चालेल कारण तिथे ओढ नाहीये.

बांधून झाल्यावर एक टेस्ट आहे. भुवया वर करा, मान खाली घाला, डावी-उजवीकडे वळा. कुठेही एक केस जरी टोचल्यासारखा ओढला जात असेल तर तो दिवसभरात सरळ होणार नाही, अजून वाढेल. अख्खं सोडायची गरज नाही, तळव्याने अंबाडा वर टाळूकडे हलका दाबा आणि ओढतंय तिथे बोटाने केस किंचित मोकळे करा. आणि जागा बदलत राहा, एक दिवस मानेशी, एक दिवस कानाच्या रेषेत, भांग पण कधी इकडे कधी तिकडे.

ओले केस बांधू नका हे सगळे सांगतात, त्याचं कारण मात्र कुणी सांगत नाही. ओला केस रबरासारखा जास्त ताणतो आणि कोरड्यापेक्षा कमी ताकदीचा असतो, आणि वाळताना तो ताण तसाच धरून बसतो. पावसाळ्यात नाशकात सकाळी धुतलेले केस दुपारपर्यंत वाळत नाहीत हे मला माहितीये, म्हणून मी रात्री धुते, जुन्या सुती टी-शर्टमध्ये गुंडाळते, आणि सकाळी घाई असेलच तर एक सैल वेणी. केस महिन्याला जेमतेम सेंटिमीटर, सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे कंबरेजवळचं टोक पाच-सहा वर्षं जुनं असतं, ते रबराखाली मध्येच तुटलं की तेवढी वर्षं गेली.

पार्लरवर एक तक्रार आहे. लग्नाला जुडा घालून घ्यायला बसलं की बॅककोम्ब, स्प्रे, आत स्पंजचा डोनट, वर वेणी, आणि विचारलं की एवढ्या पिना कशाला तर उत्तर मिळतं, मॅडम सुटला तर आमचं नाव खराब होतं. अहो पण जेवायच्या पंगतीत माझे डोळे ताणले गेलेत त्याचं काय? आता मी घरीच अंबाडा घालून जाते आणि फक्त गजरा लावून घेते. गजरा पण पाणी मारलेला असला की चांगलाच जड होतो, तो अंबाड्याच्या वरच्या कडेला टांगू नका, खालच्या अर्ध्या गोलाला लावा आणि दोन्ही टोकं आकड्यांनी वेगळी अडकवा, अंबाड्याच्याच आकड्यात घुसवू नका. रविवार कारंजाला चांदीच्या गणपतीचं दर्शन घेऊन तिथून गजरा घ्यायचा आणि घरी येऊन आधी झटकून पाणी काढायचं.

खरेदीचं म्हणाल तर काडी साधारण पाच-सहा इंचांची हवी, अंबाड्याच्या दोन्ही बाजूंनी थोडी दिसेल एवढी. लाकडाची घेतलीत तर जुन्या ओढणीवरून फिरवून बघा, धागा अडकला तर केसही अडकणार, बारीक पॉलिश पेपरने घासून घ्या. चायनीजवाल्याच्या पार्सलमधल्या काड्या वापरू नका, कुसळं असतात. क्लचर घ्यायचा तर लांब वळलेल्या दातांचा आणि स्प्रिंग सैल असलेला घ्या, मेन रोडला हातगाडीवर हाताच्या पंजावर लावून बघू देतात, पंजाला चिमटा बसला तर तो ठेवून द्या.