गप्प बसलेल्या मेंदूचा खर्च

गेल्या महिन्यात आईला पेट स्कॅनसाठी परळला नेले होते. तिचे विसरणे वाढल्यामुळे मेंदूचा हा स्कॅन करून घ्यावा, असे डॉक्टरांनी सुचवले होते. सकाळपासून तिला चहासुद्धा मिळालेला नव्हता, त्यामुळे दादरपासून टॅक्सीत तिची कुरकुर चालू होती. शिरेत औषध टोचल्यावर तिला मंद उजेडाच्या खोलीत आरामखुर्चीवर बसवले गेले आणि तिथल्या मुलीने बजावले, "आजी, आता बोलायचं नाही, वाचायचं नाही, मोबाइलही नाही." मला बाहेर घालवण्यापूर्वी आईने दबक्या आवाजात विचारले, "अगं, गप्प बसवून ठेवलं तर डोकं चालतंय की नाही, हे यांना कळणार कसं?"

महाविद्यालयात तीस वर्षे जीवरसायनशास्त्र शिकवूनही इतका नेमका प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते, पण विश्रांतीच्या अवस्थेत शरीर जितका प्राणवायू वापरते त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. सिमूर केटी आणि कार्ल श्मिट या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९४०च्या दशकात माणसाला थोडा नायट्रस ऑक्साइड हुंगायला देऊन, मेंदूत जाणाऱ्या आणि मेंदूतून परतणाऱ्या रक्ताचे नमुने तपासून हा हिशेब मांडला. पुढे केटींच्याच प्रयोगशाळेतून आलेल्या लुई सोकोलॉफ यांनी १९५५ साली सहकाऱ्यांसह एक साधा प्रयोग केला: लोकांना तोंडी गणिते सोडवायला लावली आणि तेव्हा मेंदू किती प्राणवायू वापरतो हे मोजले. एकूण वापरात फरक पडलाच नाही. परीक्षेच्या दिवसांत 'डोकं चालवून भूक लागली' म्हणत वडापावची गाडी गाठणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना हा निष्कर्ष मी दरवर्षी सांगत असे आणि त्यांचा त्यावर कधीच विश्वास बसत नसे.

गणित न सोडवणारा, खुर्चीवर नुसता टेकलेला मेंदू एवढे इंधन कशासाठी जाळतो, हे समजण्यासाठी दोन चेतापेशींमधल्या फटीत डोकवावे लागते. एक पेशी दुसरीला उत्तेजक संदेश देते तो बहुतेक वेळा ग्लुटामेट या द्रव्याच्या रूपात. आपल्याकडे चायनीजच्या गाड्यांवर अजिनोमोटो म्हणून जे टाकतात, ते याच द्रव्याचे मीठ. संदेश पोहोचताच ग्लुटामेट तिथून त्वरित उचलले गेले पाहिजे, कारण ते साचले तर पेशी अतिउत्तेजित होऊन मरू शकतात. ही उचल मुख्यत्वे शेजारच्या तारकापेशी, म्हणजे चेतापेशींची निगा राखणाऱ्या चांदणीच्या आकाराच्या पेशी, करतात. ग्लुटामेटच्या प्रत्येक रेणूबरोबर सोडियमचे तीन आयन आत शिरतात, ते पुन्हा बाहेर काढायला पंप चालवावा लागतो, आणि पंपाच्या प्रत्येक फेरीला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचा, एक रेणू खर्ची पडतो. आत घेतलेल्या ग्लुटामेटचे ग्लुटामीन करण्यासाठी आणखी एक एटीपी लागतो. मग ते ग्लुटामीन चेतापेशीकडे परत जाते आणि तिथे त्याचे पुन्हा ग्लुटामेट होते. चेतापेशींनाही आपापल्या पटलांवरून आत आलेले सोडियम असेच उपसत राहावे लागते, आणि मोठा खर्च तिथेच होतो. म्हणजे बोलण्यापेक्षा बोलून झाल्यावरची झाडलोट महाग, आणि मेंदूत हे बोलणे माणूस गप्प असतानाही थांबत नाही.

एकूण खर्च कळला तरी तो मेंदूच्या कोणत्या भागात होतो, हे केटींच्या पद्धतीने कळत नव्हते. सोकोलॉफ यांनी त्यासाठी डीऑक्सिग्लुकोज निवडले. ग्लुकोजच्या दुसऱ्या कार्बनवरचा प्राणवायूचा अणू यात नसतो. पेशी ते साखर समजून आत घेते आणि पहिले विकर (एन्झाइम) त्यावर फॉस्फेटही चढवते, पण पुढच्या विकराला नेमका तो दुसरा कार्बन धड लागतो, त्यामुळे गाडी तिथेच थांबते. आमच्या जुन्या चाळीच्या जिन्यात एकदा एक कपाट असेच अडकले होते. पहिल्या वळणावरून नीट गेले, दुसऱ्यावर धड वर जाईना, धड खाली येईना. जिथे साखरेचा खप जास्त, तिथे अशी कपाटे जास्त साचतात. या रेणूवर किरणोत्सारी कार्बनची खूण असल्यामुळे मेंदूचा काप फिल्मवर ठेवला की ती जागा गडद उमटते. एक डोळा झाकलेल्या माकडाच्या दृष्टिकेंद्रात अशा रीतीने एकाआड एक गडद-फिके पट्टे दिसले होते. पद्धतीचे सविस्तर वर्णन १९७७ साली प्रसिद्ध झाले. एका अपुऱ्या रेणूकडून एवढे काम करून घेणारी दुसरी युक्ती मला तरी जीवरसायनशास्त्रात आठवत नाही.

माणसाच्या मेंदूचे काप करता येत नाहीत, म्हणून त्याच दुसऱ्या कार्बनवर किरणोत्सारी फ्लोरीन-१८ बसवलेला रेणू आला, कारण त्याची खूण कवटीबाहेरूनही टिपता येते; आईला टोचला तो हाच. हे फ्लोरीन दर ११० मिनिटांनी निम्मे होते. १९७६ साली माणसावर पहिला प्रयोग झाला तेव्हा अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत तयार केलेले द्रव्य छोट्या विमानाने फिलाडेल्फियाला न्यावे लागले होते. भारतात ही सोय २००२ साली परळच्याच रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये प्रथम सुरू झाली.

यातून एक वाद मात्र उभा राहिला आणि तो अजून मिटलेला नाही. १९८८ साली पीटर फॉक्स, मार्कस रेचल आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की डोळ्यांपुढे चित्र हलवले की दृष्टिकेंद्रातला ग्लुकोजचा वापर निम्म्याने वाढतो, पण प्राणवायूचा वापर जेमतेम ५ टक्क्यांनी. मग प्राणवायूविना उरलेल्या साखरेचे होते काय? १९९४ साली लुक पेलेरँ आणि पिएर माजिस्ट्रेटी यांनी असे मांडले, की ग्लुटामेट उचलणाऱ्या तारकापेशी ती साखर अर्धवट मोडून लॅक्टेट बनवतात आणि चेतापेशींना इंधन म्हणून पुरवतात. चेतापेशी ग्लुकोज थेटच घेतात, असे म्हणणारे तितकेच ठाम आहेत. लॅक्टेट म्हणजे थकलेल्या स्नायूंतला कचरा, असे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आले. तेवढे तरी मला मागे घ्यावे लागेल.

आईला गप्प का बसवले, याचे उत्तर यातच होते. बोलण्या-वाचण्याने एकूण खर्च फारसा हलत नाही, पण त्या त्या केंद्राची साखर वाढते आणि चित्र फसवे होते. स्मृतिभ्रंशात डॉक्टर मेंदूच्या मागच्या आणि बाजूच्या ठरावीक भागांत खप घटला आहे का, हे पाहतात, आणि ती तुलना विसावलेल्या मेंदूंचीच असते.

परतताना टॅक्सीत मी तिला जिन्यातल्या कपाटाची गोष्ट सांगितली. ती गोष्ट मात्र तिला लख्ख आठवत होती. "मग माझ्या डोक्यातली कपाटं कधी निघणार?" तिने विचारले. मी सांगितले, की फ्लोरीन-१८ विझतो तेव्हा त्याचाच प्राणवायू होतो, म्हणजे रेणूत जो अणू नव्हता तोच तिथे येऊन बसतो, कपाट नेहमीच्या साखरेचे होते आणि पुढच्या वळणावरून सरळ निघून जाते. टोचल्यापासून अकरा तासांत, म्हणजे रात्री साडेआठपर्यंत, ते सहा वेळा निम्मे होऊन जेमतेम चौसष्टावा भाग उरेल.

"म्हणजे साखर वाया नाही जात," आई म्हणाली. "आता चहा घेऊ."