आमची वाटचाल : टीव्हीच्या ट्यूबपासून लॅपटॉपच्या पडद्यापर्यंत

साताऱ्यातलं आमचं दुकान मुळात टीव्ही दुरुस्तीचं. वडिलांचा हात पिक्चर ट्यूबवर बसलेला. सपाट टीव्ही आले, ते काम आटलं आणि मी व धाकट्या भावाने लॅपटॉप उघडायला सुरुवात केली. वडील म्हणाले, "व्होल्टेज तेच, डबा तेवढा लहान झालाय." त्यांचं खरं होतं. जुन्या लॅपटॉपच्या पडद्यामागे उजेड देणारी, पेन्सिलीच्या शिशाएवढी बारीक ट्यूब असते आणि तिला शेकडो व्होल्ट पुरवणारी इन्व्हर्टरची पट्टी. आमचं पहिलं नाव झालं ते या पट्टीवर.

कारण गिऱ्हाईक यायचं ते "डिस्प्ले गेला, नवीन टाकायला सांगितलाय" असं म्हणतच. एक निवृत्त गुरुजी असेच आले. मशीन चालू केलं, पडदा काळाकुट्ट. भावाने टॉर्च तिरका धरला आणि म्हणाला, "गुरुजी, इथे बघा." काळ्यावर पुसट फोल्डर दिसत होते, त्यांच्या नातवाचा फोटोही. चित्र शाबूत, फक्त मागचा उजेड गेलेला. इन्व्हर्टर बदलला, काम झालं. पॅनेलच्या, म्हणजे अख्ख्या पडद्याच्या, मानाने खर्च किरकोळ.

तेव्हापासून दुकानाचा नियम: दोष गिऱ्हाइकाला दाखवायचा, मगच दर सांगायचा. तपासणीचे पैसे मात्र घेतो. त्यावरून काही जण रागावून जातात, जाऊ देत.

तपासणी तशी साधी. आधी बाहेरचा मॉनिटर जोडायचा. तिथेही रेघा आल्या तर आतल्या मुख्य बोर्डाकडे किंवा रॅमकडे, म्हणजे मेमरीकडे, बघायचं. तिथे चित्र स्वच्छ असेल तर दोष झाकणाच्या बाजूचा. झाकण पुढे-मागे केल्यावर चित्र थरथरलं, तर बहुतेक वेळा पडद्याकडे जाणारी केबल. ती बिजागरीतून जाते आणि बिजागरी घट्ट झाली की रोज थोडी थोडी चिरडते. एकच उभी रेघ कायम राहिली तर मात्र पॅनेलच. आणि एक गंमत: झाकण बंद झाल्याचं ओळखणारा सेन्सर चुंबकावर चालतो. चालू लॅपटॉप दुसऱ्या लॅपटॉपवर ठेवला की कधी कधी पडदा मिटतो. त्याचे आम्ही पैसे घेत नाही.

2020 मध्ये शाळा ऑनलाइन झाल्या आणि कपाटातले म्हातारे लॅपटॉप बाहेर आले. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, बंद, सुटे भाग मिळेनात. भंगारात घेऊन ठेवलेल्या मशीनांच्या केबली आणि पॅनेलं त्या वर्षी कामी आली. बायको आधी त्या ढिगावर चिडायची, नंतर तिनेच त्यावर मॉडेलची लेबलं लावली.

आता ट्यूबा गेल्या, एलईडी आल्या. इन्व्हर्टरचं काम जवळपास संपलं. नवीन कटकट केबलीच्या टोकाला असणाऱ्या पिनांची. 40 पिनांच्या केबलीला 30 पिनांचं पॅनेल चालत नाही, म्हणून पॅनेल उघडून मागच्या स्टिकरवरचा नंबर वाचल्याशिवाय आम्ही ऑर्डर देत नाही. फोनवर नुसतं कंपनीचं नाव सांगून दर विचारू नका. मशीन घेऊन या, आणि चार्जरही आणा. बॅटरी मेलेली असली की त्यावाचून सगळंच अडतं.