रब्बी ज्वारीची ऑन्टॉलॉजी बांधताना: माझा अनुभव

सोलापूर जिल्ह्यात रब्बी ज्वारीविषयीचे ज्ञान विपुल आहे, पण ते विखुरलेले आहे. त्यातील काही राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शिफारशींत आहे, काही संशोधन केंद्रांच्या अहवालांत, काही बाजार समित्यांच्या पावत्यांवर आणि फार मोठा भाग मोहोळ, मंगळवेढा, बार्शी, माढा या तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या रोजच्या बोलण्यात आहे. हे सारे एकत्र आणून शेतकऱ्यांच्या प्रश्नांना भरवशाचे उत्तर देणारी ज्ञानपेढी उभारावी असे आमच्या छोट्या गटाने ठरवले, तेव्हा तिची ऑन्टॉलॉजी तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. मी सोलापुरात संगणकशास्त्र शिकवतो. गटात एक तरुण कृषी पदवीधर आहे आणि कृषी सहायक म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो.

एखाद्या विषयात कोणकोणत्या प्रकारच्या वस्तू, घटना आणि गुणधर्म आहेत, त्यांच्यात कोणते संबंध संभवतात आणि कोणते मुळीच संभवत नाहीत, हे संगणकालाही त्यावरून तर्क करता येईल इतक्या काटेकोरपणे लिहून काढणे म्हणजे ऑन्टॉलॉजी. यासाठी ओडब्ल्यूएल ही प्रमाणभाषा आहे; तिची सध्या वापरात असलेली दुसरी आवृत्ती डब्ल्यूथ्रीसीने, म्हणजे वेबची प्रमाणे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, 2009 मध्ये स्वीकारली. लिहिण्यासाठी स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित झालेले प्रोटेजे हे मोफत सॉफ्टवेअर आम्ही घेतले आणि मांडणीत विसंगती आहे का हे तपासण्यासाठी हर्मिट नावाचा रीझनर, म्हणजे लिहिलेल्या विधानांवरून आपणहून तर्क करणारा प्रोग्राम, वापरला. साधनांविषयी याहून अधिक सांगण्यासारखे नाही, कारण ती काही आठवड्यांत हाताखाली येतात; खरा वेळ गेला तो कोणती गोष्ट कोणत्या जातीची आहे हे ठरवण्यात.

सुरुवात वर्गांच्या यादीने करायची नाही, प्रश्नांनी करायची, हे आम्ही पहिल्याच बैठकीत ठरवले आणि शेवटपर्यंत पाळले. काकांनी आपल्या नोकरीच्या काळात शेतकरी पुन्हापुन्हा विचारत असलेले प्रश्न लिहून दिले. पंचेचाळीस सेंटिमीटर खोलीच्या कोरडवाहू रानात कोणते वाण घ्यावे? पोटरीच्या वेळी, म्हणजे कणीस बाहेर पडण्याआधी, एकच पाणी देता येणार असेल तर ते द्यावे की फुलोऱ्यासाठी राखून ठेवावे? पानांवर चिकट पडले आहे, ते कशामुळे? पोत्यावर मालदांडी लिहिले आहे, तर आत काय आहे असे खात्रीने म्हणता येईल? दाणा थोडा कमी आला तरी चालेल, पण कडबा भरपूर आणि गोड हवा, असे वाण कोणते? कोणताही नवा वर्ग किंवा संबंध घालण्याआधी तो यांपैकी कोणत्या प्रश्नासाठी लागतो हे सांगता आले पाहिजे, हा आमचा नियम होता, आणि पुष्कळ आकर्षक वाटणाऱ्या गोष्टी या एका नियमामुळे बाहेर राहिल्या.

हाताशी असलेल्या पुस्तिकांचे मथळे जसेच्या तसे उचलता येत नाहीत हे लवकरच स्पष्ट झाले. पुस्तिकेत ‘ज्वारी’ या मथळ्याखाली वाण, कीड, कणीस, कोळपणी आणि बाजारभाव असे सगळेच येते, आणि वाचणाऱ्या माणसाला त्यात काही अडत नाही. ऑन्टॉलॉजीत मात्र उपवर्ग म्हणजे ‘हा त्याचाच एक प्रकार आहे’ असे विधान असते. फुले वसुधा हे ज्वारीचे एक वाण आहे. पण कणीस हा ज्वारीचा प्रकार नसून ताटाचा भाग आहे, खोडमाशी ही ज्वारीवर जगणारी कीड आहे आणि कोळपणी ही घडणारी क्रिया आहे. वस्तू आणि घटना यांच्यातील हा मूळ भेद आम्ही बीएफओ या वरच्या स्तराच्या, म्हणजे कोणत्याही विषयाला लागू पडतील असे मूळ भेद मांडणाऱ्या ऑन्टॉलॉजीवरून घेतला, जिला 2021 मध्ये आयएसओ प्रमाणाचे स्थान मिळाले.

सर्वांत अधिक विचार करावा लागला तो मालदांडीचा. आमच्या भागात लहान मुलालाही हे नाव ठाऊक असते, आणि म्हणूनच त्यामागे किती वेगवेगळ्या गोष्टी उभ्या आहेत याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. एक आहे शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेला स्थानिक मालदांडी वंश. दुसरे आहे मालदांडी 35-1 हे वाण, जे 1930 च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रावर याच स्थानिक मालदांडीतून निवड पद्धतीने काढले गेले आणि अजूनही रब्बीत पेरले जाते. तिसरी आहे बाजारातील मालदांडी, म्हणजे पांढरा, टपोरा, मोत्यासारखा चमकणारा दाणा पाहून व्यापाऱ्याने लावलेली प्रत. बार्शीच्या बाजारात ढिगापुढे उभे राहून दाणा तळहातावर घेतला की ती ठरते, त्यामागचे बियाणे कोणी विचारत नाही. चौथी आहे मंगळवेढा ज्वारी, जिला 1999 च्या कायद्याखाली भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि जिची ओळख ती कोठे पिकली यावर उभी आहे.

या चौघांना एका वर्गात टाकले तर कोणत्याही प्रश्नाचे उत्तर बरोबर येणार नाही, हे उघड होते. अवघड होते ते प्रत्येकाची एकपणाची कसोटी ठरवणे: दोन नमुने समोर असताना ते एकच आहेत असे केव्हा म्हणायचे? वंशाच्या बाबतीत ही कसोटी परंपरेची आहे, वाणाच्या बाबतीत बीजोत्पादनाच्या साखळीची, बाजारातील प्रतीच्या बाबतीत दाण्याच्या रूपाची आणि मानांकनाच्या बाबतीत क्षेत्राची. कसोट्या वेगळ्या म्हणून वर्ग वेगळे, आणि त्यांना जोडणारे संबंधही वेगळे. वाण हे वंशातून ‘निवडलेले’ असते, मालाचा एखादा लॉट वाणापासून ‘पिकवलेला’ असतो, आणि तोच लॉट प्रतीमध्ये ‘बसतो’ किंवा बसत नाही. मंगळवेढा ज्वारी हा वर्ग आम्ही व्याख्येने बांधला: नोंदणीकृत क्षेत्रात पिकलेला आणि नोंदणीतील वर्णनात बसणारा ज्वारीचा कोणताही लॉट. त्यामुळे लॉटची नोंद झाली की तो या वर्गात येतो का हे रीझनर आपणहून सांगतो. हाताने शिक्का मारावा लागत नाही.

घरच्या बियाण्याचा प्रश्न काकांनी उपस्थित केला आणि तो मला आजही या कामातील सर्वांत मोलाचा प्रश्न वाटतो. एखाद्या शेतकऱ्याने कधीकाळी 35-1 चे प्रमाणित बियाणे आणले आणि नंतर दर वर्षी रानातली चांगली कणसे निवडून तेच पेरत आला. त्याच्या कणगीत आज जे आहे ते 35-1 आहे का? शेतकऱ्याच्या दृष्टीने निःसंशय आहे. बीजप्रमाणीकरणाच्या दृष्टीने तसे म्हणता येत नाही. आम्ही ‘राखलेले बियाणे’ असा स्वतंत्र वर्ग केला आणि त्याला ‘अमुक वाणापासून राखलेले’ असा संबंध दिला, ज्यातून उगम सांगितला जातो पण एकरूपतेचा दावा केला जात नाही. गुळभेंडी, दगडी, कुचकुची अशा वाणांच्या बाबतीत, ज्यांच्यामागे पुष्कळदा घरोघरी राखलेले बियाणेच असते, हीच रचना पुढे उपयोगी पडली.

वाण आणि जमीन यांच्या संबंधाला निराळी रचना लागली. विद्यापीठाच्या शिफारशीत जमिनीचे खोलीनुसार तीन गट आहेत: 30 सेंटिमीटरपर्यंत हलकी, 60 पर्यंत मध्यम आणि त्यापुढे भारी. सहज सुचणारी मांडणी म्हणजे हलक्या, मध्यम आणि भारी जमिनीचे वाण असे तीन परस्परविरोधी वर्ग. गटातील तरुण सहकाऱ्याने तीच सुचवली होती, आणि कोष्टक म्हणून ती चाललीही असती. पण फुले अनुराधा हलक्या जमिनीसाठी आहे, फुले सुचित्रा मध्यम जमिनीसाठी आहे आणि फुले माउली दोन्हींसाठी सांगितलेले आहे. वर्ग परस्परविरोधी ठेवले तर फुले माउलीची नोंद होताच रीझनर सारी मांडणी विसंगत ठरवतो. विरोध जमिनीच्या गटांत आहे, वाणांत नाही. म्हणून शिफारस हीच एक स्वतंत्र गोष्ट मानली, जिला वाण, जमिनीचा गट, पाण्याची सोय, शिफारस करणारी संस्था आणि वर्ष असे पाच धागे जोडलेले आहेत. याचा एक लाभ असा की शिफारस बदलली तर जुनी पुसावी लागत नाही. दोन्ही आपापल्या वर्षासह राहतात. खोलीचे आकडे ओडब्ल्यूएलमध्ये मर्यादेसह लिहिता येतात, त्यामुळे पंचेचाळीस सेंटिमीटर एवढी नोंद दिली की ते रान मध्यम गटात जाते आणि त्याला लागू असलेल्या शिफारशी पुढे येतात.

पाण्याच्या प्रश्नातही असाच एक भेद करावा लागला. पेरणीनंतर साधारण 28 ते 30, 50 ते 55, 70 ते 75 आणि 90 ते 95 दिवसांनी पाणी द्यावे अशी शिफारस छापलेली असते. या वेळा अनुक्रमे जोमदार वाढ, पोटरी, फुलोरा आणि दाणे भरण्याच्या अवस्थांच्या आहेत. सल्ला खरे पाहता अवस्थेला लागू आहे, दिवस हे तिचे अनुमान आहे, आणि लवकर येणाऱ्या वाणात ते अनुमान सरकते. म्हणून सल्ला अवस्थेला जोडला आणि दिवस वाणनिहाय वेगळे ठेवले.

कीडरोगांचा भाग बसून उरकता येईल असे वाटले होते, कारण छापील माहिती भरपूर आहे. पण तो सर्वांत अधिक रानातच घडला. मोहोळ तालुक्यात काकांच्या ओळखीच्या एका मावशींच्या शेतात आम्ही जानेवारीत गेलो होतो. त्यांनी एक पान मोडून माझ्या हातात दिले. पानाचा वरचा भाग चकाकत होता, बोटांना तो गुळाच्या पाकासारखा लागत होता, आणि खालच्या पानांवर त्याच चिकटावर काळी बुरशी धरली होती. मग त्या बांधाकडच्या दुसऱ्या ताटाकडे घेऊन गेल्या आणि कणसातून ओघळलेले मधासारखे थेंब दाखवत म्हणाल्या, “सर, ह्यो येगळा आन् त्यो येगळा. पानावरचा चिकटा माव्यानं पडतो. कणसातला दाणाच धरू देत न्हाई.”

वनस्पतिरोगशास्त्र सांगते ते हेच. पानावरचा चिकटा हा मावा किंवा तुडतुडे यांनी रस शोषून बाहेर टाकलेला गोड स्राव असतो, तर कणसातील थेंब हे अरगट या बुरशीजन्य रोगाचे असतात, ज्यात दाण्याच्या जागी बुरशीच वाढते. मावशींच्या त्या दोन वाक्यांवरून आम्ही लक्षण, कारक आणि विकार असे तीन वर्ग वेगळे केले, आणि लक्षणाला ते कोणत्या अवयवावर दिसते हा संबंध सक्तीचा केला. आता ‘चिकटा’ एवढेच सांगितले तर ज्ञानपेढी सर्व शक्यता देते आणि पान की कणीस असे विचारते. खडखड्या या रोगाला याहून एक पायरी अधिक लागली, कारण तेथे मातीतील बुरशी एकटी पुरत नाही. दाणे भरताना ओल तुटली की ती बळावते, धाट आतून पोकळ होते आणि ताटे लोळतात. म्हणून विकाराला कारकाबरोबर अनुकूल परिस्थितीही जोडता येईल अशी सोय केली.

हुरड्याचा विषय मात्र आनंदाचा होता. हुरडा हे वाण नाही, तो कोवळ्या, दुधाळपणा ओसरलेल्या दाण्याच्या अवस्थेशी बांधलेला आहे, आणि आगटीत भाजून चोळल्यावर तो खाद्यपदार्थ होतो. तेव्हा दाण्याची अवस्था, भाजण्याची क्रिया आणि तयार पदार्थ असे तिन्ही वेगळे लिहिले. फुले उत्तरा, फुले मधुर आणि गुळभेंडी यांना ‘हुरड्यास योग्य’ असा गुण दिला, पण मालदांडीचा हुरडा होत नाही असे कोठेही लिहिले नाही, कारण तो होतो आणि लोक आवडीने खातात.

येथे एक गोष्ट नवशिक्यांनी नीट समजून घ्यावी असे मला मनापासून वाटते. ओडब्ल्यूएलमध्ये जे लिहिलेले नाही ते खोटे मानले जात नाही, केवळ अज्ञात मानले जाते. एखादा लॉट कोठे पिकला याची नोंद नसेल तर रीझनर तो मंगळवेढ्याचा नाही असे म्हणणार नाही. तो गप्प राहील. शेतीच्या ज्ञानासाठी ही वृत्ती मला योग्य वाटते. पण नोंद अपुरी असल्याची सूचना तर मिळाली पाहिजे, आणि त्यासाठी शॅकल ही 2017 मध्ये प्रमाण झालेली तपासणीची भाषा वेगळी वापरली. अर्थ ओडब्ल्यूएलने सांगायचा आणि नोंदींची पूर्तता शॅकलने पाहायची, ही विभागणी सुरुवातीपासून ठेवल्यास पुढचा पुष्कळ गोंधळ टळतो.

जे आधीच कोणी चांगले केले आहे ते पुन्हा करायचे नाही, या भूमिकेतून सामान्य कृषिसंज्ञांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या (एफएओ) ॲग्रोव्हॉक या संज्ञासंग्रहाशी आणि वनस्पतीच्या अवयवांसाठी प्लांट ऑन्टॉलॉजीशी दुवे जोडले. वाणांच्या मोजमापांसाठी क्रॉप ऑन्टॉलॉजीची गुण, पद्धत आणि मापनश्रेणी ही तिपेडी रचना स्वीकारली. कडब्याचे उत्पादन यामुळे दाण्याच्या उत्पादनाइतक्याच मानाने नोंदता आले, आणि ते आवश्यकच होते, कारण जनावरे सांभाळणाऱ्या घरात वाणाची निवड अनेकदा कडब्यावरच ठरते.

प्रत्येक संकल्पनेला आम्ही अर्थहीन क्रमांकाचा कायमचा पत्ता दिला आहे आणि मराठी नावे त्यावर लेबल म्हणून ठेवली आहेत, म्हणजे एकाच संकल्पनेला बार्शीकडचे आणि मंगळवेढ्याकडचे अशी दोन्ही नावे शेजारी राहू शकतात. रद्द झालेली संकल्पना पुसली जात नाही, तिच्यावर ती कालबाह्य असल्याची खूण आणि नव्या संकल्पनेचा दुवा राहतो. काकांचे सारे प्रश्न आता स्पार्कल या ज्ञानपेढीला प्रश्न विचारण्याच्या भाषेत लिहिलेले आहेत आणि प्रत्येक नव्या आवृत्तीआधी ते चालवून उत्तरे काकांना वाचून दाखवली जातात. कडब्याच्या भावाचा प्रश्न आम्ही ऑन्टॉलॉजीबाहेर ठेवला आहे, कारण तो दर आठवड्याला बदलणारा आकडा आहे आणि त्याची जागा विदासंचात आहे. संकरित वाणांचा भाग अजून अपुरा आहे. सीएसएच 15 आर सारख्या वाणात राखलेल्या बियाण्याचा संबंध मुळातच लागू होत नाही, त्यामुळे सुधारित आणि संकरित वाणांची फोड सध्या नव्याने लिहिणे चालू आहे.