पिशवी दाराजवळ, माळ्यावर नाही

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून माणसं नुकती निजली होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती, वरचं मातीचं जड माळवद झोपेतल्या लोकांवर कोसळलं. अशा अंधारात बॅटरी कोणत्या खणात आहे हे आठवत बसायला सवड नसते. लागणाऱ्या बहुतेक वस्तू घरात असतातच, फक्त एका जागी नसतात.

म्हणून लेकरांची जुनी दप्तराची सॅक घ्या. पाठीवर अडकवली की दोन्ही हात मोकळे राहतात. ती दाराजवळच्या खुंटीला टांगा. माळ्यावर ठेवू नका, आणि पत्र्याखाली तर अजिबात नको. मे महिन्यात पत्रा तापला की गोळ्यांचा गुण कमी होतो, पॉवर बँक फुगते.

पाण्याची साठवण आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पण वापरायचं पाणी वेगळं आणि प्यायचं वेगळं. माणशी रोज ४ लिटर धरलं तर पाच जणांना तीन दिवसांसाठी ६० लिटर लागतं, म्हणजे २० लिटरचे तीन कॅन. तोंड अरुंद किंवा तोटी असलेलेच घ्या, कारण तांब्या बुडवला की हात बुडतो आणि पाणी खराब होतं. घर सोडावं लागलं तर कॅन उचलवत नाहीत, म्हणून सॅकमध्ये एक-एक लिटरच्या दोन बाटल्या हव्यात. पुरानंतर विहिरीचं पाणी गढूळ असेल तर नुसतं क्लोरीन टाकून भागत नाही; गाळच ते खाऊन टाकतो. आधी पाणी निवळू द्या, चौपदरी फडक्यातून गाळा, मग क्लोरीन टाकून अर्धा तास थांबा. चूल किंवा गॅस चालू असेल तर खळखळून उकळलेलं केव्हाही बरं.

खायला चूल न लागणारंच ठेवा: कडक भाकरी, फुटाणे, शेंगदाणे, गूळ. कडक भाकरी पुरती गार झाल्यावरच डब्यात भरा, नाहीतर वाफेनं बुरशी येते. शेंगदाणे उन्हाळ्यात खवट होतात, दोन महिन्यांनी बदला. चटणी थोडीच बरी, पाणी मोजून असताना तहान वाढते.

बॅटरीत सेल घालून ठेवू नका. ते पाझरतात आणि स्प्रिंग गंजते. सेल बाहेर, सोबतच्या पुडीत. ढिगाऱ्याखाली ओरडून घसा बसतो, त्यामुळे प्रत्येकासाठी एक शिट्टी. ओआरएसची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवायची, ग्लासात अर्धी पुडी नव्हे. कालवलेलं २४ तासांनी फेकून द्या. शुगर-बीपीच्या गोळ्या सात दिवसांच्या. क्रेप बँडेज साप चावल्यावर हातपाय फळीला बांधून स्थिर ठेवायला. करकचून आवळायला नाही.

आधार, रेशनकार्ड, पासबुक, सातबारा यांच्या झेरॉक्स दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत, एकीत एक. टॉवर बंद पडला की फोनवरून पैसे जात नाहीत, म्हणून पन्नास-शंभरच्या नोटा. मोबाईल बंद पडला की एकही नंबर आठवत नाही. ११२, १०८ आणि नातेवाइकांचे नंबर कागदावर बॉलपेननं लिहा, शाईपेनचं पाण्यानं पसरतं.

मृग निघायच्या आधी आणि संक्रांतीला सॅक रिकामी करून बघा. गोळ्यांच्या तारखा, पॉवर बँकचं चार्जिंग. आणि लेकराच्या चपला गेल्या वर्षीच्या मापाच्या असतील तर त्या बदला.