दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना

जुनी ऑटोमॅटिक सेडान घेताना टेस्ट ड्राइव्ह गरम इंजिनावर झाली, त्यात दोष लपला, तिथेच फसलो. आता रोज सकाळी गिअर ‘डी’त (ड्राइव्ह, म्हणजे पुढे जायला) टाकला की २ सेकंद काहीच होत नाही, मग पाठीत गुद्दा बसावा तसा धक्का. दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) २,००० वरून ३,५०० वर उडतो, वेग मात्र तेवढाच.

काल गिअरबॉक्सची डिपस्टिक (ऑइल तपासायची पट्टी) पांढऱ्या फडक्यावर पुसली. लाल असायला हवं ते ऑइल काळपट तपकिरी, वर जळका वास. आतल्या क्लच प्लेट्स जळत असल्याची ही खूण. आधीच्या मालकाने ९०,००० किलोमीटरमध्ये ते एकदाही बदललं नव्हतं. म्हणे ‘आयुष्यभराचं ऑइल’! याचाच मला राग येतो. उष्णतेने ऑइल खराब होतंच.

जुनी ऑटोमॅटिक बघायला गेलात तर आधी बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा.