निःशस्त्र पहारेकऱ्याच्या हाती काय असते?

रात्रपाळीच्या एका सुरक्षारक्षकाशी बोलताना त्यांच्या कमरेच्या पट्ट्याकडे माझे लक्ष गेले. त्याला एक शिट्टी अडकवलेली होती आणि एक बॅटरी, जिचे झाकण रबरबँडने आवळून बसवलेले होते. एवढ्या साधनांवर त्यांनी रात्रभर एकट्याने फाटक सांभाळायचे होते. शस्त्र नसलेल्या रक्षकाचे काम लक्ष ठेवणे आणि कळवणे एवढेच, असे म्हटले जाते. परंतु आत घुसू पाहणारा चाकू घेऊन आला, तर पहिला वार झेलायला समोर तोच उभा असतो.

संरक्षक जाकीट दिले तरी ते कोणते, हे पाहावे लागते. गोळी अडवणारे मऊ थरांचे जाकीट आघात पसरवून गोळी थांबवते, पण चाकूचे टोक त्याच धाग्यांमधून वाट काढू शकते. म्हणून चाकूच्या वारासाठी वेगळ्या, अतिशय घट्ट विणीचे जाकीट लागते. ते मापाचेही हवे, नाहीतर बरगड्यांची बाजू उघडी राहते. माझ्या मते मात्र त्याआधी चालू स्थितीतला वायरलेस संच आणि हाकेसरशी धावून येणारा दुसरा माणूस हवा.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ मधील १५५ क्रमांकाच्या करारात, कलम २१ मध्ये, सुरक्षेच्या उपायांचा खर्च कामगारावर पडू नये असे स्पष्ट म्हटले आहे. त्या रक्षकांनी पायातले बूटही स्वतःच्या पगारातून घेतले होते.